कस्टम अंगठीचा नंबर नेमका चुकतो कुठे

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि खरं सांगतो, हसूच आलं, कारण पहिली पाच-सहा वर्षं माझं रडगाणं हेच होतं. म्हणजे नागपुरात धरमपेठेत घरूनच ऑर्डरी घेता, डिझाइन तुमचं, बनवून घेता इतवारीतल्या कारागिराकडून, नंबर कस्टमर व्हॉट्सअपवर सांगतात, आणि दहातल्या तीन-चार अंगठ्या ढिल्या नाहीतर घट्ट म्हणून वापस येऊन राहिल्या. आणि आता जानेवारीत एक ऑर्डर आलीय जिची धाकधूक आहे, मे महिन्यातलं लग्न, मुलगा बंगलोरला, १८ कॅरेटची ६ एमएमची प्लेन बँड, नंबर त्यानेच सांगितला, १८. कारागीर म्हणतो नंबरप्रमाणे बनवलं, कस्टमर म्हणतो होत नाही, आणि मधे तुम्ही.

तर पहिले हे सांगतो की बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. मी इतवारी सराफ्यात वडिलांच्या हाताखाली बाकावर बसायला लागलो तेव्हापासून बावीस-तेवीस वर्षं झाली, आणि माझ्याकडे वापस आलेल्या अंगठ्यांपैकी कारागिराने सरळ चूक केली अशा फारच थोड्या. बाकी सगळ्यांत नंबर आणि अंगठी जुळत होती, पण तो नंबर त्या अंगठीचा नव्हताच.

आधी नंबर म्हणजे काय ते नीट बसवून घ्या. आपला जो इंडियन नंबर आहे तो म्हणजे अंगठीचा आतला घेर मिलीमीटरमधे, त्यातून ४० वजा. १४ नंबर म्हणजे ५४ एमएम घेर, आतला व्यास साधारण १७.२. युरोपवाले सरळ घेरच सांगतात, आयएसओ ८६५३ नावाचं जे स्टँडर्ड आहे त्यातही घेरच धरलाय, म्हणजे त्यांचा ५४ तो आपला १४. अमेरिकेचं वेगळं, त्यांचा एक नंबर वाढला की व्यास ०.८ एमएमने वाढते म्हणजे घेरात अडीच एमएम, म्हणजे त्यांचा एक नंबर आपल्या अडीच नंबरांएवढा. त्यांचा ६ म्हणजे आपला १२, त्यांचा ७ म्हणजे आपला १४ च्या किंचित वर. इंग्लंडमधे अक्षरं चालतात, एन म्हटलं की आपला १४ च्या आसपास. हे कोष्टक पाठ करायची गरज नाही पण नंबर कानावर पडला की पहिला प्रश्न हाच पाहिजे, कुठला नंबर, कोणी घेतला.

हे मी शिकलो ते पैसे भरून शिकलो. एक काकू आल्या, मुलगा-सून अमेरिकेत, दिवाळीला येणार, सुनेसाठी हिऱ्याची अंगठी. नंबर? फोन लावला, मुलगा म्हणाला सात. आता बारीक बोटाच्या मुली असतात आपल्याकडे, ७-८ नंबर काही अशक्य नाही, मी लिहून घेतला आणि बनवली. दिवाळीच्या दोन दिवस आधी सून दुकानात, अंगठी पहिल्या पेरावरच अडकली. सात एमएमचा फरक! अर्ध्या घेरात हिरे बसवलेले, वाढवायची म्हटली तर तो भागच गोलाईतून जाते आणि हिरे सुटतात. हिरे काढून सोनं वितळवलं, परत बनवली, घडणावळ गेली, घट गेली, काकूंसमोर मान खाली गेली ती वेगळीच. तेव्हापासून माझ्या ऑर्डरच्या वहीत नुसता आकडा मी लिहीतच नाही, 'इंडियन १४' असं लिहितो आणि बाजूला घेर मिलीमीटरमधे.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजायचं साधन. एका इंडियन नंबरमधे व्यासाचा फरक किती पडते माहितीये, ०.३२ एमएम. आता कस्टमर घरच्या जुन्या अंगठीवर शाळेची पट्टी ठेवून फोटो पाठवते आणि म्हणते १७ एमएम आहे, तो फोटो जरा तिरका असला की गेले दोन नंबर. दोरा गुंडाळून मोजणं तर मी साफ बंद केलंय, दोरा ताणला जाते, तिरका बसते, आणि बोटाच्या मुळाचा घेर सांगते, सांध्याचं काहीच सांगत नाही. कागदाची पट्टी त्यातल्या त्यात बरी पण तीसुद्धा फक्त अंदाजाला. इंटरनेटवरचे प्रिंट काढायचे चार्ट आहेत, ते प्रिंटरवर 'फिट टू पेज' होऊन बारीक होतात, कोणाला पाठवायचाच असेल तर आधी त्या कागदावर एटीएम कार्डाची चौकट छापा, कार्डाची लांबी ८५.६ एमएम असते, कार्ड त्या चौकटीत बरोबर बसलं तरच पुढे मोजा म्हणावं.

खरं साधन एकच, छल्ल्यांचा जुडगा, रिंग गेज. पण त्यातही भानगड आहे. बाजारात जे स्वस्तातले मिळतात ते आपापसात जुळत नाहीत, मी एकदा माझ्याकडचे तीन जुडगे व्हर्नियरने मोजले तर एकाचा १६ हा दुसऱ्याच्या १७ ला लागून होता. आणि तुमच्या बाबतीत तर गेज तुमच्याकडे एक आणि रिंग स्टिक, म्हणजे नंबरांच्या रेघा असलेली दांडी, कारागिराकडे दुसरी! तो म्हणतो १६, तुम्ही म्हणता १६, अंगठी १७. ताई हे काम याच आठवड्यात करा, तुमचा जुडगा घेऊन कारागिराकडे जा, प्रत्येक छल्ला त्याच्या स्टिकवर चढवून पाहा, जिथे फरक येते तिथे तुमच्या छल्ल्यावर मार्करने त्याच्या स्टिकचा नंबर लिहून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे आणि मला वाटते तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. स्टिकवर वाचतानाही एक ठरवून घ्या, अंगठीच्या मधोमध रेघ पाहायची की खालच्या कडेला, कारण स्टिक निमुळती आहे, रुंद अंगठीत मध आणि कड यात अर्ध्या-एक नंबराचा फरक दिसते. मी मधोमध वाचतो.

आता बोट. इथे नागपूरचा विषय येते आणि इथेच बाहेरगावची पुस्तकी माहिती कामाची राहत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या खाली येते. उन्हाने बोटाच्या रक्तवाहिन्या पसरतात, बोट फुगते, थंडीत आकसते. माझ्याकडच्या जुन्या गिऱ्हाइकांची बोटं मी दोन्ही ऋतूंत मोजलीयेत, एक नंबर तर सहज फिरते, कोणाकोणाचा दीड-दोन. म्हणून जानेवारीत घेतलेला नंबर आणि मे महिन्यातलं लग्न हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येते.

बरं दिवसातही फरक असते. सकाळी झोपेतून उठल्यावर बोटं जरा सुजलेली, मग दुपारपर्यंत ठीक, स्वयंपाक-धुणं करून आली बाई तर परत फुगलेली. उन्हाळ्यात दुपारी कोणी स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर हँडल धरून सीताबर्डीवरून इतवारीत आली आणि आल्या आल्या बोट पुढे केलं तर मी मोजतच नाही. पाणी देतो, कूलरसमोर बसवतो, डिझाइनं दाखवतो, पंधरा-वीस मिनिटांनी मोजतो. उलट हिवाळ्यात गार हात घेऊन आली तर हात चोळायला सांगतो. आदल्या रात्री सावजी हाणलं असेल तर दुसऱ्या दिवशी बोट जड असते, हे मी गमतीत विचारतो पण खरंच विचारतो, मिठाने अंगात पाणी धरते. गरोदरपणात तर शेवटच्या महिन्यांत नंबर घेऊच नये, बाळंतपण होऊन दोन-तीन महिने जाऊ द्या. थायरॉइडवाले, संधिवातवाले, नुकतंच वजन कमी केलेले, यांनाही सरळ सांगायचं की आज जो नंबर आहे तो वर्षभराने राहीलच असं नाही.

हात कुठला ते लिहिता का? नाही लिहीत असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं. उजव्या हाताने काम करणाऱ्याचं उजवं बोट बहुतेक वेळा अर्ध्या-एक नंबरने जाड असते. अनामिका म्हणजे अनामिका, त्यात 'तिसरं बोट' असं कोणी म्हटलं की अंगठ्यापासून मोजून की करंगळीपासून, कोण जाणे. रत्नाच्या अंगठीवाल्यांचं तर विचारूच नका, पुष्कराज तर्जनीत, नीलम मधल्या बोटात, माणिक अनामिकेत, पन्ना करंगळीत, आणि गुरुजींनी बोट बदललं की माणूस तीच अंगठी घेऊन उभा, भाऊ एवढी दोन नंबर वाढवून द्या.

मोजायची पद्धत सांगतो. छल्ला चढताना सांध्यावर जरा अडला पाहिजे, मग थोडा फिरवून गेला पाहिजे. मुळाशी बसल्यावर हात खाली सोडून झटकायला लावा, सरकला नाही पाहिजे. मग काढायला लावा. काढणं हीच खरी परीक्षा, कारण घालताना कातडी मागे सरकते, काढताना सांध्यापाशी गोळा होते. काढताना जोर लागला पण फिरवत निघाला तर तो नंबर. चटकन निघाला तर एक कमी. दोनदा-तीनदा करा, एकदा मोजून कधीच लिहू नका.

सांधा मोठा आणि मूळ बारीक, अशी बोटं पुरुषांत आणि वय झालेल्या बायांत फार. तिथे नंबर सांध्याचाच घ्यावा लागते, नाहीतर चढणारच नाही, आणि मग खाली अंगठी गरगर फिरते. दोन नंबरांपेक्षा जास्त फरक असेल तर मी आतून खालच्या बाजूला सोन्याचे दोन बारीक मणी झाळून देतो, घड्याळात पाच आणि सात वाजतात त्या जागी. सांध्यावरून अंगठी जाते पण खाली मणी धरून ठेवतात. वरती मोठा खडा असलेल्या अंगठीलाही हेच, वरचा भार जास्त झाला की ती बाजूला कलंडतेच, आणि कस्टमर म्हणते ढिली आहे, नंबर कमी करा. कमी केली की मग उन्हाळ्यात निघत नाही. अशा वेळी नंबर सोडा, मणी टाका.

आता रुंदी, म्हणजे तुमच्या ६ एमएमच्या बँडचा विषय. जुडग्यातले छल्ले असतात अडीच-तीन एमएम रुंद. त्यावर १८ बरोबर बसला म्हणजे अडीच-तीन एमएमच्या अंगठीसाठी १८. पट्टी रुंद झाली की ती जास्त कातडी दाबते, सांध्यावरून जाताना जास्त घासते, त्यामुळे ६ एमएमला मी एक नंबर वाढवतो, ८ एमएमला दीड-दोन. रुंद छल्ल्यांचा वेगळा जुडगा मिळते, घेऊन ठेवा. आतून गोलाई दिलेली म्हणजे कम्फर्ट फिट बँड असेल तर उलटं, ती सहज चढते, तिथे वाढवायची गरज नाही पडत किंवा अर्धाच वाढवावा लागते.

कारागिराकडे काय होते तेही माहीत असू द्या, म्हणजे बोलता येते. पट्टी वाकवून अंगठी करतात तेव्हा कापायची लांबी म्हणजे आतला व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. व्यास १७.२ आणि जाडी दीड एमएम असेल तर १८.७ गुणिले ३.१४, म्हणजे ५८.७ एमएम. नवीन पोरगं जाडी विसरून ५४ ची पट्टी कापते आणि १४ च्या जागी ९ नंबरची अंगठी घेऊन येते, प्रत्येक बाकावर हे एकदा तरी झालेलं असते, माझ्याकडून दोनदा झालंय. कॅडवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवरून, मेणाची अंगठी काढून कास्टिंग म्हणजे धातू ओतून करतात त्यात वेगळी गंमत, धातू थंड होताना आकसते. व्यासात २ टक्के आकसलं तरी १७.२ मागे ०.३४ एमएम, म्हणजे पूर्ण एक नंबर गेला. मधे रबर डाय, म्हणजे मेणाच्या नकला काढायचा रबरी साचा, असेल तर ती अजून थोडं खाते. मग आतून कानस आणि पॉलिश झालं की थोडं वाढते. प्रत्येक कास्टिंगवाल्याचा आपला आपला हिशेब असते, तुमच्यावाल्याला विचारा की कॅडमधे तू किती वाढवून धरतोस, आणि डिझायनरने आधीच वाढवलं असेल तर दोघांनी मिळून दोनदा वाढवून ठेवतात हेही होते.

म्हणून माझा नियम, अंगठी पॉलिश व्हायच्या आधी, खडे बसायच्या आधी, हॉलमार्कला जायच्या आधी एकदा बोटात घालून पाहायची. कस्टमर गावातच असेल तर कच्च्या अवस्थेत बोलवा. तेव्हा नंबर बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. नंतर प्रत्येक गोष्ट महाग आहे. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख नंबर, त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट आहे ती सोडा, आणि ते सहा अक्षर-आकड्यांचं कोरीव बहुतेक पट्टीच्या आतल्या बाजूलाच असते. नंतर साइज करताना कारागिराने न पाहता तिथेच कापलं तर तो ओळख नंबरच गेला, म्हणून पट्टी कुठे कापायची ते त्याला खूण करून द्या.

आणि सगळ्या अंगठ्या नंतर वाढवता येतात असं कस्टमरला चुकूनही म्हणू नका. प्लेन २२ कॅरेटची बँड मशीनवर ताणून एखाद-दीड नंबर वाढते, कापावं पण लागत नाही, फक्त पट्टी जरा पातळ होते. खड्याची असेल तर कापून तुकडा टाकून झाळावं लागते. मोती, पोवळं, पन्ना असेल तर आच लागली की संपलं, खडा आधी काढा नाहीतर लेझरवाल्याकडे न्या. कुंदनमधे आत लाख असते, ती वितळते. पूर्ण गोल हिरे बसवलेली इटर्निटी अंगठी वाढतही नाही आणि कमीही होत नाही, तिथे नंबर चुकला म्हणजे नवीनच बनवा. व्हाइट गोल्ड असेल तर नंतर रोडियमचा मुलामा परत करावाच लागते, त्याचे पैसे कोण देणार ते आधी बोला.

सरप्राइजवाले जे येतात, त्यांना मी एवढंच सांगतो की तिची रोजची अंगठी घेऊन या, कुठल्या बोटातली ते पाहून या, आणि तासाभरात वापस ठेवा. साबणावर ठसा, झोपेत दोरा, असले उद्योग नको. नाहीच जमलं तर वाढवता-कमी करता येईल असं साधं डिझाइन घ्या आणि एक नंबर मोठीच करा, मोठी अंगठी निदान बोटात जाते तरी, त्या क्षणी तेवढं पुरते.

बाहेरगावच्या कस्टमरसाठी मी जे करतो ते तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल. नंबर कोणीही सांगितला, कुठल्याही मोठ्या दुकानात घेतला असं म्हटलं तरी मी त्याच्यावर सोनं कापत नाही. पितळेचे डमी बनवून ठेवलेत, ४ एमएम, ६ एमएम, ८ एमएम रुंदीचे, १० पासून २६ नंबरपर्यंत. सांगितलेला नंबर आणि त्याच्या वरचा असे दोन डमी कुरियरने पाठवतो आणि म्हणतो एक-एक दिवस घालून झोपेपर्यंत राहा, हात धुवा, गाडी चालवा, जेवा, आणि मग सांगा. माणूस बोटात घालून दिवसभर वावरला की त्याला आपोआप कळते, दुकानात दोन मिनिटांत नाही कळत. पितळेने घामात बोट हिरवं होते, ते आधीच सांगून ठेवा नाहीतर घाबरून फोन येते.

आता तुमची ती ऑर्डर. १८ म्हणजे ५८ एमएम घेर, तो कुठल्या रुंदीच्या छल्ल्यावर घेतला ते विचारा, बहुतेक बारीकच असेल. बंगलोरची हवा मे महिन्यातसुद्धा आपल्याएवढी तापत नाही, त्याचं बोट तिथे आहे आणि लग्न इथे, कार्यालयात, स्टेजवर, लाइटांखाली, शेरवानी घालून. माझ्या हातात असतं तर मी १९ आणि २० चे ६ एमएम डमी पाठवले असते, १८ चा पाठवलाच नसता. त्याला म्हणावं जेवणानंतर रात्री आणि एकदा जिमवरून आल्यावर घालून बघ, त्या वेळीही जो फिरवत निघेल तो सांग. माझा अंदाज १९ येईल. १९ म्हणजे ५९ घेर, व्यास १८.८, १.८ एमएम जाडीच्या पट्टीला कापायची लांबी साधारण ६४.७. प्लेन आहे हे तुमचं नशीब, लग्नानंतर हिवाळ्यात ढिली वाटलीच तर एक नंबर कमी करून देता येईल, त्यात सोनं निघेल १७० मिलीग्रॅमच्या आसपास, ते त्याला वापस देऊन टाका आणि बिलावरच लिहून ठेवा की सहा महिन्यांत एकदा साइज फुकट, त्याच्या पुढे पैसे लागतील. हॉलमार्कला पाठवताना सांगा की आतला जोड सोडून समोरच्या बाजूला कोरा.

डमीचं कुरियर जाऊन-येऊन जे काही दीड-दोनशे लागतील ते ऑर्डरच्या ॲडव्हान्समधेच घेऊन ठेवा, मागून मागायला लाज वाटते.